कॅमेऱ्याच्या बॅटरीची निगा



ह्या व्यासपीठावर येऊन बॅटरीविषयी बोलावे की नाही, असा आम्हांस प्रथम संकोच पडला होता. वसंत व्याख्यानमाला म्हटली की श्रोत्यांची अपेक्षा संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण अशा भारदस्त विषयांची. तेथे खिशात मावणाऱ्या एका काळ्या ठोकळ्याने सगळी संध्याकाळ अडवावी, हे जरा विचित्रच. परंतु समोर नजर टाकली तर निदान चार जणांच्या गळ्यात कॅमेरा दिसतो आहे, आणि पुष्कळांच्या घरी तो कपाटात पडून असणार. त्या कपाटातल्या कॅमेऱ्यासाठीच आजचे हे बोलणे आहे. कारण बॅटरी बिघडते ती बहुधा कपाटातच, वापरताना नव्हे.

हे आम्हांस कसे कळले ते आधी सांगतो. एका वर्षीची गोष्ट. संक्रांतीला आपली गड्ड्याची यात्रा भरली होती. आदल्या दिवशी सात नंदीध्वज ६८ लिंगांची प्रदक्षिणा करून आले होते, आणि अक्षता सोहळ्यासाठी संमती कट्ट्यापाशी पांढऱ्या बाराबंद्यांचा नुसता समुद्र लोटला होता. आमचे एक वयोवृद्ध स्नेही पुष्कळ वर्षे नंदीध्वज पेलणाऱ्या मंडळींत असत. गुडघे कुरकुरत होते, तरी त्याही वर्षी त्यांनी ध्वजाला हात दिला होता. "एवढा एक फोटो काढा बरं का," असे त्यांनी आम्हांस दोनदा बजावले होते. आम्ही गर्दीतून जागा मिळविली, कॅमेरा डोळ्याला लावला, एक चित्र घेतले, आणि पडदा काळा झाला. पिशवीत दुसरी बॅटरी होती. ती घातली, तिने तेवढेही केले नाही. अक्षता पडल्या, जयघोष झाला, ध्वज पुढे सरकले. जे एक चित्र मिळाले त्यात कोणाचा तरी फेटा आणि अर्धा खांब आहे. पुढच्या वर्षी गुडघ्यांनी त्यांना ध्वजाजवळ जाऊ दिले नाही, आणि त्यांचा ध्वज पेललेला फोटो आमच्याकडे आजही नाही.

दोष बॅटरी करणाऱ्याचा नव्हता. मे महिन्यात घरातले एक लग्न आटोपल्यावर आम्ही दोन्ही बॅटऱ्या मोठ्या काळजीने पूर्ण भरल्या आणि माडीवरच्या पत्र्याच्या खोलीत लोखंडी कपाटावर ठेवून दिल्या. तेथे त्या आठ महिने होत्या. यात्रेच्या आदल्या रात्री पुन्हा चार्जरला लावल्या, तेव्हा नेहमी अडीच तास घेणारा चार्जर पाऊण तासातच हिरवा दिवा दाखवू लागला. आम्ही खूष झालो, की बॅटरी अलीकडे लवकर भरते! हंडा लवकर भरला तर नळाला जोर आहे असे समजावे की हंड्यात गाळ साचला आहे असे समजावे, हे सोलापुरात पाणी भरणाऱ्या माणसाला तरी कळावयास हवे होते.

आता हा गाळ म्हणजे काय, आणि तो का साचतो, हे पाहू.

डिजिटल कॅमेऱ्यात पुन्हा पुन्हा भरता येणाऱ्या बॅटऱ्या दोन कुळांतल्या असतात. एक निकेलच्या कुळातली, म्हणजे पेन्सिल सेलसारखी दिसणारी. दुसरी लिथियमच्या कुळातली, म्हणजे त्या त्या कॅमेऱ्यापुरता घडविलेला चपटा ठोकळा. ह्या दोन कुळांचे रीतिरिवाज वेगळे आहेत, आणि आपल्याकडचा बहुतेक घोटाळा एकाचे सोवळे दुसऱ्याला लावल्यामुळे झालेला आहे. "नवी बॅटरी पहिल्यांदा आठ तास चार्जिंगला ठेवा", "पूर्ण उतरल्याशिवाय पुन्हा लावू नका", हे दुकानदाराचे शब्द आपण सर्वांनी ऐकलेले आहेत. ते खोटे नव्हते. ते जुन्या कुळाबद्दल खरे होते, आणि कूळ बदलले तरी शब्द तेच राहिले.

जुन्या कुळाचा मूळपुरुष निकेल-कॅडमियमचा सेल. स्वीडनच्या वाल्डेमार युंग्नर ह्या शोधकाने तो १८९९ साली केला. डिजिटल कॅमेऱ्याशी त्याचे नाते अगदी जन्मापासूनचे आहे. कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन ह्या तरुण अभियंत्याने १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा जोडला, त्यात असे १६ सेल होते. कॅमेऱ्याचे वजन साडेतीन किलोंच्या वर. एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरावयास २३ सेकंद लागत. ह्या सेलला एक खोड होती. दर वेळी अर्धाच वापरून पुन्हा भरत राहिले, तर तो जणू तेवढ्याच कामाची सवय लावून घेई आणि पुढचे काम करावयाचे नाकारी. ह्याला स्मृतिदोष म्हणत. तो घालवावयाचा तर सेल मधून मधून पुरा उतरवून मग भरावा लागे. शिवाय त्याबरोबर मिळणारे चार्जर संथ असत. रात्रभर लावले तरी चाले, नव्हे, लावावेच लागत. दुकानदाराचे शास्त्र येथून आले.

कॅडमियम हा विषारी धातू. पुढे त्याच्या जागी निकेल-मेटल हायड्राइड आले. १९९५ सालचा कॅसिओचा क्यूव्ही-१०, ज्याने पाठीवरच्या छोट्या पडद्यावर चित्र पाहण्याची सवय लोकांना लावली, तो चार पेन्सिल सेलांवर चाले. नंतरची पंधरा वर्षे असे कॅमेरे घरोघरी आले. आज नव्या कॅमेऱ्यांत हे सेल फारसे दिसत नाहीत. परंतु लग्नात फोटो काढणाऱ्या माणसाच्या फ्लॅशगनमध्ये पहा, बहुधा चार सेल ओळीने बसलेले असतात. म्हणून त्यांच्याविषयी चार शब्द बोललेच पाहिजेत.

साधा अल्कलाइन सेल दीड व्होल्टचा, आणि हा भरावयाचा सेल १.२ व्होल्टचा. एवढ्यावरून तो कमजोर आहे असे पुष्कळांना वाटते. वास्तविक अल्कलाइन सेलचा दाब पहिल्या क्षणापासून उतरत जातो, तर हा गडी शेवटपर्यंत १.२ च्या आसपास टिकून असतो आणि मग एकदम बसतो. फ्लॅशला घाईने मोठा प्रवाह लागतो, तो देण्यात हाच सरस. त्याचे वैगुण्य दुसरेच आहे. जुन्या धाटणीचा सेल नुसता ठेवला तरी झिरपतो. भरल्यानंतर पहिल्याच दिवसात दहावा हिस्सा जातो, आणि पुढे महिन्याला साधारण तेवढाच. दिवाळीत भरलेले सेल संक्रांतीला अर्धे रिकामे निघतात ते ह्यामुळे. सान्यो कंपनीने २००५ साली एनलूप नावाचे सेल काढले, ते वर्षभरानंतरही बराचसा साठा राखून असतात. तशा प्रकारचे सेल आता इतर कंपन्याही करतात. वर्षातून चारदा फ्लॅश वापरणाऱ्या घरगुती माणसाने तसेच घ्यावेत. आकड्याच्या मोहात पडू नये. दोन हजार मिलिअँपिअर-तासांचा प्रामाणिक सेल हा बाजारात मिळणाऱ्या "४,५००" छापलेल्या सेलपेक्षा अधिक टिकतो, कारण त्या आकाराच्या सेलमध्ये ४,५०० मावतच नाहीत. खऱ्या सेलची मजल २,७०० च्या आसपास संपते.

हे सेल भरण्याची एक पद्धत संथ. दोन हजारांचा सेल दोनशेच्या प्रवाहाने भरावयास दहा तास पुरावेत असा हिशेब येतो. प्रत्यक्षात चौदा ते सोळा लागतात, कारण काही वीज उष्णतेत जाते. असा चार्जर आपण होऊन थांबत नाही, म्हणून घड्याळ आपण पाहावयाचे. दुसरी पद्धत शहाण्या चार्जरची. सेल पूर्ण भरला की त्याचा दाब किंचित खाली येतो. ही बारीकशी घसरण ओळखून शहाणा चार्जर हात आखडता घेतो. चार्जर घेताना प्रत्येक सेलसाठी वेगळा दिवा आहे का, एवढे पाहावे. दिवे चार असतील तर तो बहुधा प्रत्येक सेलकडे वेगळे लक्ष देतो. जोडीजोडीने भरणाऱ्या चार्जरात एक सेल उपाशी आणि एक अजीर्ण झालेला, असे होते.

आणि चार सेलांची चौकडी मोडू नये. त्यांवर खडूने किंवा पेनने अ, ब, क अशा खुणा कराव्यात, आणि अ गटाचे चार नेहमी एकत्र वापरावेत, एकत्र भरावेत. ओळीतला एक सेल आधी संपला की उरलेले तीन त्याच्यातून उलटा प्रवाह ढकलतात, आणि तो सेल कायमचा दुबळा होतो. दमलेल्या बैलाला जोडीत जुंपल्यासारखेच हे आहे.

आता लिथियमकडे वळू. ह्या बॅटरीचे मूळ संशोधन स्टॅन्ली व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ आणि अकिरा योशिनो ह्या तिघांचे. त्यासाठी त्यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गुडइनफ त्या वेळी ९७ वर्षांचे होते. ही बॅटरी प्रथम बाजारात आणली सोनी कंपनीने, १९९१ साली. 

हिचे काम कसे चालते, हे इतर गावी समजावून देताना अडचण पडेल; सोलापुरात पडू नये. मागावरचा धोटा आठवा. एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे जातो आणि परत येतो. बॅटरीत एका बाजूस ग्रॅफाइटचे, म्हणजे शिसपेन्सिलीतल्या काळ्या द्रव्याचे थर असतात. दुसऱ्या बाजूस कोबाल्टसारख्या धातूंच्या ऑक्साइडचे थर. आपण फोटो काढतो तेव्हा लिथियमचे विद्युत्‌भारित कण ग्रॅफाइटमधून निघून दुसऱ्या बाजूच्या थरांत जाऊन बसतात. चार्जरला लावतो तेव्हा ते परत फिरतात. इथे कापड विणले जात नाही. धोटा नुसता येतो आणि जातो. पण प्रत्येक फेरीला थोडेसे सूत काठाला अडकून राहते. ग्रॅफाइटवर एक पातळ पापुद्रा धरतो, त्यात काही लिथियम कायमचे गुंतून पडते. हा पापुद्रा सुरुवातीला आवश्यकच असतो, त्यावाचून बॅटरी चालणार नाही. परंतु तो जाड होत गेला की धोट्याची वाट अडते आणि सूतही कमी उरते. आमच्या हंड्यातला गाळ तो हाच. साठा घटतो, म्हणून चार्जर लवकर हिरवा होतो. वाट अडते, म्हणून कॅमेऱ्याने एकदम जोराची मागणी केली की दाब कोसळतो आणि पडदा काळा होतो, मग आदल्या रात्री दिवा हिरवा का असेना.

पापुद्रा जाड करणाऱ्या गोष्टी तीन. फेऱ्यांची संख्या ही एक. पूर्ण भरून पूर्ण उतरविण्याच्या तीनशे ते पाचशे फेऱ्यांनंतर बॅटरी थकली असे समजतात. परंतु घरगुती माणूस महिन्यातून एक-दोन फेऱ्या करतो. ह्या हिशेबाने त्याची बॅटरी वीस वर्षे चालावयास हवी. ती चार वर्षांत मरते. तेव्हा खरे मारेकरी उरलेले दोघे, उष्णता आणि भरलेपण. आणि दोघे एकत्र आले की विचारूच नका.

कोबाल्टच्या बॅटरीबद्दल साधारणपणे दिले जाणारे आकडे असे. बॅटरी पूर्ण भरून २५ अंश सेल्सिअसमध्ये वर्षभर नुसती ठेवली, तर तिची ताकद शंभरातून ऐंशीवर येते. तीच ४० अंशांत ठेवली तर पासष्टवर. मात्र चाळीस टक्केच भरून ठेवली, तर २५ अंशांत वर्षानंतर शहाण्णव उरतात आणि ४० अंशांतही पंच्याऐंशी. साठ अंशांत पूर्ण भरलेली बॅटरी तीन महिन्यांतच साठवर येते. बॅटरीगणिक हे आकडे थोडे पुढेमागे होतील, पण त्यांचा कल बदलत नाही. आता आपले गाव पहा. एप्रिल-मेमध्ये सावलीतला पारा चाळिशी ओलांडून जातो. पत्र्याखालच्या खोलीत तो किती असेल, ह्याची कल्पना तेथे दुपारी झोपण्याचा प्रयत्न केलेल्यांना आहेच. उन्हात उभ्या केलेल्या, काचा बंद असलेल्या मोटारीत साठ अंशांपर्यंत सहज जाते. नान्नजच्या माळरानावर पक्षी पाहावयास सकाळी गेलेला गृहस्थ दुपारच्या जेवणाला धाब्यावर थांबतो आणि कॅमेऱ्याची पिशवी मोटारीत ठेवतो. त्या एका तासात बॅटरीचे जे वय वाढते, ते सकाळच्या शंभर चित्रांनी वाढलेले नसते.

मग ठेवावी कशी? निम्म्याच्या आसपास भरून, कॅमेऱ्यातून बाहेर काढून, घरातल्या सर्वांत थंड कोरड्या जागी. जुन्या माळवदाच्या वाड्यात राहणाऱ्यांचे काम सोपे आहे. भिंतीतला फडताळ, शक्यतो खालचा कप्पा, ह्यापेक्षा चांगली जागा नाही. स्लॅबच्या घरात पश्चिमेची भिंत आणि वरचा मजला टाळावा. माठाजवळ गारवा असतो खरा, परंतु ओलही असते. तेथे ठेवू नये. काही जण फ्रिजमध्ये ठेवतात. हवाबंद डब्यात ठेवली तर वाईट काही नाही, मात्र बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नये. दोन-तीन तासांनी तो खोलीच्या उष्णतेला आला की मग उघडावा; नाहीतर थंड बॅटरीवर दव धरते. आमच्या मते आपल्या घरांतून फ्रिजची इतकी उघडझाप होते की फडताळच बरा.

निम्मी भरणे म्हणजे काय, असा प्रश्न येईल. तोळामासा मोजावयाचा नाही. कॅमेऱ्यावर अर्धे चिन्ह दिसेपर्यंत वापरावी आणि ठेवून द्यावी, एवढेच. अगदी रिकामी मात्र ठेवू नये. लिथियमची बॅटरी फार खाली उतरली की आतली संरक्षक यंत्रणा तिचे दार बंद करते, आणि मग चार्जर तिला ओळखतच नाही. चार महिने पडून राहिलेली रिकामी बॅटरी बहुधा अशीच मेलेली सापडते. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी, समजा सणावाराच्या निमित्ताने, एकदा पाहून घ्यावे.

चार्जिंगची रीत आता लवकर सांगता येईल. लिथियमच्या एका कोशिकेचा दाब ४.२ व्होल्टच्या वर जाऊ द्यावयाचा नसतो. म्हणून चार्जर आधी ठरलेल्या प्रवाहाने बॅटरी भरतो, आणि तो दाब आला की नळाची चावी हळूहळू बंद करीत आणतो. हंडा काठापर्यंत आल्यावर आपण धार बारीक करतो, तसेच. ह्यामुळे पहिले पाऊण भाग भरणे झपाट्याने होते आणि शेवटचा पाव भाग रेंगाळतो. कामाची घाई असेल तर हिरव्या दिव्याची वाट न पाहता काढून घेतली तरी काही बिघडत नाही. अर्धवट भरल्याने, अर्धवट वापरल्याने हिला स्मृतिदोष जडत नाही. उलट खोल उतरविण्यापेक्षा थोडे थोडे वापरून थोडे थोडे भरणे हिच्या प्रकृतीला मानवते. जुन्या नियमाचा एक छोटा अंश तेवढा शिल्लक आहे. ज्या कॅमेऱ्यात शिल्लक टक्क्यांत दिसते, तेथे तो आकडा काही काळाने भरकटतो. सहा-आठ महिन्यांतून एकदा कॅमेरा आपण होऊन बंद पडेपर्यंत वापरून मग पूर्ण भरली, की आकडा ताळ्यावर येतो. त्याने बॅटरी सुधारत नाही, फक्त मोजमाप सुधारते.

लग्नाच्या, यात्रेच्या दिवशी मात्र पूर्ण भरावी. त्यासाठीच ती आहे. फक्त ती आदल्या रात्री भरावी, आठ महिने आधी नव्हे.

भर दुपारी उन्हातून आल्याबरोबर तापलेली बॅटरी चार्जरला लावू नये. हाताला कोमट लागते आहे तोवर पंख्याखाली पडू द्यावी. भरणे रात्रीचे बरे. चार्जर मोकळ्या फरशीवर ठेवावा. सोलापुरी चादर उबेसाठी सर्वदूर प्रसिद्ध आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने चार्जर तिच्यावर ठेवू नये. वीज जाऊन येऊन राहिली तर चांगल्या चार्जरला त्याचे काही वाटत नाही; बहुतेकांवर १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेलेच असते. मध्येच वीज गेली तर बॅटरी अर्धी भरलेली राहील, एवढेच.

थंडीचा प्रश्न आपल्याला गावात पडत नाही, पण केदारनाथला किंवा लडाखला जाणाऱ्या मंडळींना पडतो. थंडीत आतला धोटा मंदावतो आणि भरलेली बॅटरी रिकामी झाल्यासारखी दाखवते. ती फेकू नये. सदऱ्याच्या आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवावी. पुन्हा चालू लागते. शून्य अंशाखाली ती भरू मात्र नये, कारण तेव्हा लिथियम थरांत शिरण्याऐवजी वरवर धातूच्या रूपात साचते, आणि ते नुकसान भरून येत नाही, शिवाय धोक्याचेही असते. विमानाने जाणाऱ्यांनी जादा बॅटऱ्या हातातल्या सामानात घ्याव्यात. सोडून दिलेल्या सामानात त्या ठेवण्यास मनाई आहे. नियम वॉट-तासांत लिहिलेला असतो आणि शंभराच्या आतल्या बॅटरीला हातातल्या सामानात हरकत नाही. कॅमेऱ्याची ७.२ व्होल्टची, १,८६५ मिलिअँपिअर-तासांची बॅटरी गुणाकार करून पाहिली तर साडेतेरा वॉट-तासांच्या आतच येते.

खिशातल्या चिल्लरीबरोबर किंवा किल्ल्यांबरोबर सुटी बॅटरी टाकू नये. दोन टोकांवर किल्ली आडवी पडली की क्षणात ती चटका बसण्याइतकी तापते. बॅटरीबरोबर प्लास्टिकचे एक क्षुल्लक टोपण मिळते, ते आपण पहिल्याच दिवशी हरवतो. ते ह्यासाठी असते. टोके मळली तर कोरड्या सुती फडक्याने पुसावीत. जिभेचे पाणी लावून पुसण्याची एक पद्धत आम्ही पाहिली आहे. तिने टोके गंजतात.

स्वस्त बॅटरीविषयी आम्ही थोडे कडक बोलणार आहोत. मूळ कंपनीची बॅटरी महाग असते हे मान्य. दुसऱ्या कंपनीची चांगली बॅटरी घेण्यासही आमची ना नाही. परंतु जिच्यावर कोणाचेच नाव नीट नाही, जी हातात घेतल्यावर मूळ बॅटरीपेक्षा अंमळ हलकी लागते, आणि जिच्यावर भारतीय मानक ब्यूरोची आयएस १६०४६ ची नोंदणी दिसत नाही, ती घेऊ नये. तिच्यात संरक्षक यंत्रणा वाचविलेली असण्याचा संभव असतो, आणि ४.२ व्होल्टच्या वर दाब गेला तर थांबविणारे कोणी राहत नाही. लग्नाच्या दिवशी फोटो गेला तर हळहळ होते. रात्री गादीशेजारी चार्जर पेटला तर हळहळीवर भागत नाही.

व्याख्यानाच्या आधीच एका भगिनींनी चिठ्ठी पाठविली होती, तिचे उत्तर देऊन थांबतो. त्या विचारतात, कॅमेऱ्यातून बॅटरी निघतच नाही, ओढावी लागते, काय करावे? ती फुगलेली आहे. आत वायू धरला आहे. चिमट्याने ओढू नये, टोचू नये, आणि पुन्हा चार्जरला तर लावूच नये. हलक्या हाताने निघाली तर काढून दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावावी, आणि कोरडी वाळू घातलेल्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर सावलीत ठेवावी. निघत नसेल तर कॅमेऱ्यासकट दुरुस्तीवाल्याकडे न्यावी. असली बॅटरी, किंवा नुसती म्हातारी झालेली बॅटरीसुद्धा, घंटागाडीच्या कचऱ्यात टाकावयाची नाही. तिच्यावर फुली मारलेल्या कचराकुंडीचे चित्र असते, त्याचा अर्थ तोच. २०२२ साली केंद्र सरकारने बॅटरीच्या कचऱ्याचे नियम केले. त्यांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी त्या करणाऱ्यांवर आणि आयात करणाऱ्यांवर आहे, आणि त्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या देण्याची जबाबदारी आपल्यावर. जेथून नवी घ्याल त्या दुकानदारास जुनी परत घेता का, असे विचारावे. नाही म्हणाला तर ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्यावी. आमच्या त्या दोन बॅटऱ्या आम्ही तशाच दिल्या. देण्यापूर्वी एक पुन्हा भरून पाहिली होती, अकरा चित्रे निघाली.